लेकीसाठी इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्प, सगळं मिळून २५ हजारांत (सोलापूर)

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. माझी मुलगी अकरावीला आहे. अडीच वर्षं साधी गिटार वाजवते, आता तिला इलेक्ट्रिक हवी आहे. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी चौघी मैत्रिणींचा बँड उभा राहतोय आणि लीड गिटार हिच्याकडे आहे. दहावीत चांगले मार्क पडले तर घेऊन देईन असा शब्द दिला होता. तिनं तिचं काम केलं, आता माझी पाळी.

बजेट २५ हजार. गिटार, ॲम्प, वायर, जे लागेल ते सगळं त्यातच. मला यातलं काही कळत नाही, मी टॉवेलवाला माणूस. खाली आठ माग, वर आम्ही राहतो. नव्या पेठेत एका दुकानात ९ हजारांचा पूर्ण सेट दाखवला: गिटार, छोटा ॲम्प, पट्टा, पिशवी. दिसायला झकास, पण कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. दुसऱ्या दुकानात सांगितलं की ४० वॉटच्या खाली ॲम्प घेऊच नका. घरी आई असते. मागाच्या खडखडाटात तिला झोप लागते, पण नवा आवाज आला की लगेच जागी होते. तेही बघायचंय.

काय घेऊ? इथंच घेऊ, ऑनलाइन मागवू, की पुण्याला जाऊ?

सहावी_तार

काका, आधी एक विचारतो. ती कुठल्या प्रकारचं वाजवणार आहे? हिंदी-मराठी गाण्यांतली स्वच्छ आवाजाची गिटार, की रॉक, मेटल? त्यावर पिकअप ठरतात आणि पिकअपवर गिटार ठरते.

पिकअप म्हणजे तारांखालचे लोहचुंबक. ते दोन जातीचे. सिंगल कॉइलचा आवाज खणखणीत आणि मोकळा. हंबकरचा जाड, भरीव, डिस्टॉर्शन (रॉकमधला मुद्दाम खरखरीत केलेला आवाज) दिलं तरी न फाटणारा. पहिल्याच गिटारीत दोन्ही हवे असतील तर पुलाजवळ (तारा खालच्या बाजूला जिथं टेकतात तिथं) हंबकर आणि पुढं दोन सिंगल अशी मांडणी असलेली गिटार घ्या. याला एचएसएस म्हणतात. यामाहा पॅसिफिका ०१२ याच मांडणीची आहे आणि तुमच्या बजेटात बसते. आयबानेझची जिओ मालिका आणि कोर्टच्या खालच्या किमतीच्या गिटारी पण बघा. फेंडरचा स्वस्त ब्रँड स्क्वायर, गिब्सनचा एपिफोन. त्यातली स्क्वायर सॉनिक हातात घेऊन बघण्यासारखी आहे.

एक गोष्ट मात्र पक्की सांगतो. ज्या पुलाला तारा कुलूप घालून बसवतात, तो फ्लॉइड रोझ पहिल्या गिटारीला नको. एक तार बदलली की बाकी पाचही सुरातून जातात, आणि पोरीचा अर्धा तास वाजवण्याऐवजी सुरात आणण्यात जातो.

जुळे_सोलापूर_८८

+१ पॅसिफिका. माझी अकरा वर्षांची आहे, एकदाही दगा दिला नाही.

बाळीवेशीतली

मी स्वतः १७ व्या वर्षी इलेक्ट्रिक घेतली म्हणून लिहिते. दादा, दुकानात जाताना मुलीला घेऊनच जा आणि गिटार तिच्या हातात द्या. मी बाबांबरोबर गेले होते तेव्हा दुकानदार पाऊण तास फक्त बाबांशी बोलला. वाजवणार मी, आणि "हिला गुलाबी दाखवू का" हे विचारलं बाबांना. शेवटी बाबा म्हणाले, "अहो, तिला विचारा." तोवर माझी हिंमत गेली होती. एकही गिटार धड न वाजवता घरी आले आणि जी घेतली ती मानेला इतकी जाड होती की वर्षभर मनगट दुखत होतं.

रंग-रूप तिला आवडलं पाहिजे, ते फालतू समजू नका. जी गिटार बघूनच हातात घ्यावीशी वाटते तीच रोज वाजते. बसून आणि पट्टा लावून उभं राहून, दोन्ही तऱ्हेनं वाजवून बघू द्या. गिब्सनच्या लेस पॉल जातीच्या गिटारी जड असतात, दोन तास उभं राहिलं की खांदा बोलायला लागतो. याउलट त्यांची तार थोडी आखूड असते, पावणेपंचवीस इंच. फेंडर जातीची साडेपंचवीस. बोटं लहान असतील तर हा पाऊण इंच जाणवतो.

काळी_पट्टी

सगळे गिटारीबद्दलच लिहितायत, मी उलटं सांगतो. इलेक्ट्रिक गिटारीचा निम्मा आवाज ॲम्पमध्ये असतो. १५ हजारांची गिटार आणि १० हजारांचा ॲम्प ही जोडी २२ हजारांची गिटार आणि ३ हजारांचा ॲम्प यापेक्षा कधीही चांगली वाजते.

त्या ९ हजारांच्या सेटमधला ॲम्प चालू करून डिस्टॉर्शनचं बटण दाबा आणि तीन तारा एकदम वाजवा. तीन स्वर वेगळे ऐकू येत नाहीत, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा एकच गोळा येतो. मुलीला वाटतं आपल्यालाच वाजवता येत नाही. मी असाच सेट घेऊन आठ महिन्यांत वाजवणं सोडलं होतं. चार वर्षांनी मित्राच्या ॲम्पला तीच गिटार जोडली आणि कळलं की दोष हातात नव्हता. ती चार वर्षं मला परत मिळणार नाहीत, म्हणून एवढ्या कळकळीनं सांगतोय.

घरासाठी किमान आठ इंची स्पीकर बघा. ऑरेंज क्रश २० आणि फेंडर मस्टँग एलटी २५, दोन्हींना आठ इंची आहे. दोन्हींना हेडफोन लागतो, म्हणजे आजींची दुपार सांभाळली जाते. मस्टँगमध्ये बऱ्याच ॲम्पचे आवाज आणि इफेक्ट आधीच भरलेले असतात. ऑरेंज साधा, चार-सहा खुंट्यांचा, पण त्याचा गुरगुरणारा आवाज मला जास्त आवडतो. बॉस कटाना ५० उत्तमच, बारा इंची स्पीकर आणि आवाज अर्ध्या वॉटपर्यंत खाली आणता येतो, पण नवा घेतला तर तुमचं बजेट एकटाच खाईल.

पूर्वभागकर

सगळ्यांचे आभार. मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणते स्वच्छ आवाज आणि थोडं रॉक, मेटल नाही. बाळीवेशीतल्या ताईंचा प्रतिसाद तिनं दोनदा वाचला.

पण ते ४० वॉटचं काय? गॅदरिंगला २० वॉट पुरेल?

साउंडवाला_सोलापूर

मी वीस वर्षं साउंडचं काम करालोय. लग्नं, ऑर्केस्ट्रा, हुतात्मा स्मृती मंदिरातले कार्यक्रम, कॉलेजची गॅदरिंगं, सगळी केलीत. ४० वॉटवाल्याचं ऐकू नका.

वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. २० चे ४० केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला जेमतेम फरक. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्या वीस वॉटच्या फरकापायी पैसे घालवण्यापेक्षा मोठा स्पीकर घ्या, आवाज तिथं कळतो.

गॅदरिंगला स्टेजवर कुणाचाच ॲम्प हॉल भरत नाही. आम्ही ॲम्पच्या जाळीसमोर माइक लावतो आणि मोठ्या स्पीकरला तो आवाज जातो. तुमचा ॲम्प फक्त पोरीला स्वतःचं ऐकू यावं म्हणून. ड्रम सेट असला तरी शेजारी खुर्चीवर, कानाच्या उंचीला ठेवला की २० वॉट चालतो. जमिनीवर ठेवतात आणि मग म्हणतात ऐकू येईना. स्पीकर पोटरीकडे तोंड करून असल्यावर कानाला काय येणार?

एक चूक दर वर्षी बघतो. पोरं पेडल (आवाज बदलणारी, पायानं दाबायची डबी) घेऊन येतात आणि डिस्टॉर्शन लावून थेट मिक्सरला जोडतात. मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो. गिटारीच्या स्पीकरला वरचे कर्कश सूर फारसे येतच नाहीत, तो ते आपोआप गाळतो. मिक्सरमागचे स्पीकर काही गाळत नाहीत. शिवाय गिटारीचा सिग्नल नाजूक. मिक्सरच्या साध्या जागी खोचला तर मरगळतो, मध्ये सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी, डीआय बॉक्स, लागतो. तेव्हा ॲम्प आणा, माइक आम्ही लावतो. आणि साउंड चेकला वेळेवर या, एवढीच विनंती.

हळवा_कान

वायर घेताना सांभाळा. जाड दिसते म्हणून स्पीकरची वायर गिटारीला लावू नका, तिला आत जाळीचं कवच नसतं. गिटारीसाठीची शिल्डेड वायर घ्या, घरात तीन मीटर पुष्कळ. साध्या गिटारीच्या उरलेल्या ब्राँझच्या तारा इलेक्ट्रिकवर चढवू नका. चुंबकाला पोलाद लागतं, ब्राँझ ऐकू जात नाही. पहिला संच ९ ते ४२ जाडीचा, दुकानात एवढंच सांगितलं की कळतं.

पूर्वभागकर

एक नवीच अडचण आली. मुलीच्या सरांनी दोन दिवसांसाठी त्यांची गिटार आणि छोटा ॲम्प घरी दिला. सिंगल कॉइलवाली आहे. क्लासमध्ये स्वच्छ वाजते. आमच्या घरी ॲम्प लावला की घूंऽऽ असा आवाज सतत. तारांवर हात ठेवला की कमी होतो, उचलला की परत सुरू. खिडकीकडे तोंड केलं की कमी, जिन्याकडे वळलं की जास्त. संध्याकाळी माग बंद केले तर निम्म्यानं गेला, पण पूर्ण नाही. गिटार बिघडलीय की घर?

काळी_पट्टी

गिटार ठीक आहे, आणि तुम्ही अर्धं निदान स्वतःच केलंत.

पिकअप म्हणजे चुंबकावर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. तुमच्या भाषेत, चुंबकावर भरलेली कांडी. पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि कांडीत वीज उमटते. तीच वीज ॲम्प मोठी करतो. पण कांडीला कळत नाही की क्षेत्र तारेनं हललं की खालच्या मोटारीनं. आठ मागांच्या आठ मोटारी, जुन्या ट्यूबलाइटचे चोक, ॲम्पचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांचं ५० हर्ट्झ ती गोळा करते. गिटार फिरवली की आवाज बदलतो तो त्यामुळंच.

यावर इलाज १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर या इंजिनिअरनं काढला. एका ऐवजी दोन कांड्या शेजारी, दुसरीचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा. बाहेरचा गूं दोन्हींत विरुद्ध येतो आणि कटतो, तारेचा आवाज मात्र दोन्हींत एकाच दिशेनं येऊन बेरीज होते. गूं म्हणजे हम, तो मारणारा म्हणून हंबकर. तुमच्या घराला एचएसएस गिटारच योग्य. पिकअप निवडायच्या पाच जागांच्या स्विचवर दुसरी आणि चौथी जागासुद्धा बऱ्याच गिटारींत गूं कापते, मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर.

वायरमन_शेळगी

थांबा, मला दुसरीच शंका येतेय. हात ठेवल्यावर आवाज कमी होणं हे साधारण असतं, तारा आतून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. पण तुमच्या प्लगमध्ये अर्थिंग खरंच आहे का? पूर्व भागात मी पुष्कळ घरं बघितलीत. मागाला अर्थिंग नीट असतं, वरच्या राहत्या खोल्यांत तीन भोकांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकामागं वायरच नसते.

टेस्टर लावून समजत नाही. वायरमनला बोलवा, मीटरनं फेज ते अर्थ व्होल्टेज बघायला सांगा, फेज ते न्यूट्रलच्या जवळपास आलं पाहिजे. तारांना हात लावल्यावर कधी मुंग्या आल्या, किंवा माइकला ओठ टेकल्यावर चटका बसला, तर त्याच क्षणी बंद. पोरगी गाणार पण असेल ना? एका हातात गिटार आणि तोंडाशी माइक म्हणजे करंट तिच्या छातीतून जायचा रस्ता तयार. गूं कमी होतो म्हणून काही जण ॲम्पच्या प्लगची जाड पिन कापतात किंवा दोन पिनांचा जोड लावतात. ते कधीच करू नका, कुणी सांगितलं तरी. गिटार महिनाभर उशिरा घ्या, पण हे आधी करा.

पूर्वभागकर

वायरमन दादा, तुमचे उपकार. काल माणूस आणला. मागच्या दोन खोल्यांत अर्थिंग नव्हतंच. मुलगी ज्या सॉकेटला ॲम्प लावायची तोच. इतकी वर्षं त्याच सॉकेटवर आई कूलर लावत होती, पत्र्याच्या बॉडीचा. मला रात्री नीट झोप लागली नाही. आता नवी वायर खालपर्यंत नेलीय. गूं बराच उतरलाय, माग चालू असताना थोडा राहतो.

रविवारी पुण्याला जातोय, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं. बघताना काय काय बघू ते सांगा. जुनी चांगली मिळाली तर घेऊ का?

सहावी_तार

जुनी जरूर घ्या, पण समोर बसून, वाजवून. आगाऊ पैसे पाठवू नका. मी एकदा ऑनलाइन दुकानातून नवी मागवली, आली ती डोक्याजवळ चीर गेलेली. परत करण्यात दीड महिना गेला.

हातात घेतली की आधी मान बघा. पुलाकडून डोळा लावून, बंदूक रोखल्यासारखं. अगदी किंचित आतला बाक चालतो, पीळ चालत नाही. मग प्रत्येक तारेवर शेवटपर्यंत एकेक घर (मानेवरच्या दोन पट्ट्यांमधली जागा) वाजवा. कंटाळवाणं आहे, पण एखाद्या घरात स्वर मेला किंवा झणझणला तर तिथंच कळतं. मोबाइलमधला ट्यूनर लावून मोकळी तार सुरात आणा आणि तीच तार बाराव्या घरात दाबा, स्वर बरोबर एक सप्तक वर आला पाहिजे. थोडा चढा-उतरा असेल तर पुलावरचा खोगीर (तार टेकते तो छोटा तुकडा) सरकवून दुरुस्त होतो, चढा असेल तर मागं. खोगीर आधीच टोकाला गेलेला असेल तर सोडून द्या. तिसऱ्या घरात तार दाबून पहिल्या घरावरची फट बघा, केसाएवढी हवी. जास्त असेल तर वरची नट (डोक्याजवळची खाचांची पट्टी) उंच आहे, आणि अशा गिटारीवर पहिल्या घरातला स्वर दाबला की चढाच लागतो. स्वस्त सेटमध्ये हमखास सापडणारा दोष हाच.

शेवटी आवाजाच्या आणि टोनच्या खुंट्या फिरवा, खरखर ऐका, वायर जॅकमध्ये हलवून बघा. खरखर साफ होते, त्यावरून भाव पाडता येतो.

आणि कुठलीही घ्या, घरी आल्यावर सेटअप, म्हणजे तारांची उंची, मान, सूर नीट बसवणं, करून घ्या. ६०० ते १००० रुपये बाजूला ठेवाच.

पूर्वभागकर

सेटअपचं मला लगेच पटलं. नवा माग आणला तरी जॉबरनं, मागाच्या मिस्त्रीनं, बसवल्याशिवाय कापड सरळ येत नाही. ताण एका बाजूला जास्त पडला की काठ ओढला जातो.

पूर्वभागकर

घेतली! पुण्यात सहा गिटारी वाजवल्या तिनं. मी फक्त तिसऱ्या घराची फट बघत होतो, मोबाइलच्या बॅटरीत. दोन तिथंच बाद केल्या.

शेवटी जुनी पॅसिफिका ११२ व्ही मिळाली, एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडून, १६,५०० ला. लाल आहे, खालच्या कडेला एक टवका उडालाय. टोनची खुंटी वर ओढली की हंबकरची एक कांडी बंद होऊन सिंगलचा आवाज येतो. घरी माग चालू असले की खुंटी खाली, बंद असले की वर. ऑरेंज क्रश २० पण जुनाच, ६ हजार. वायर, पट्टा, तारांचे दोन संच १,५५० चे. इथं आल्यावर सरांनी सेटअप केला, ७०० घेतले. बाराव्या घरावर जाड तारेची उंची २ मिलिमीटर, बारीक तारेची दीड. वहीत लिहून ठेवलंय. एकूण २४,७५०. तिकिटं वेगळी.

काल आमचा जॉबर पगाराला वर आला होता. ती वाजवत होती, तो दारातच उभा राहिला. मग पुढं येऊन तारेवर बोट ठेवलं, हलकं दाबलं, सोडलं. म्हणाला, "ताण बरोबर हाय." पोरगी दिवसभर ते सगळ्यांना सांगत होती.

एकच शंका. तिसरी तार, जी ची, ओढून स्वर वळवला की परत येताना किंचित उतरते. तार ताणायची डोक्यावरची खुंटी सैल आहे का?

हळवा_कान

अभिनंदन, फार चांगला सौदा झाला. खुंटी नसावी. तार नटच्या खाचेत अडकते. ट्यूनिंग करताना टिक् असा बारीक आवाज येतो का बघा. येत असेल तर तार सैल करून बाजूला घ्या, खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, परत चढवा. नव्या तारा असतील तर प्रत्येक तार हातानं हलकी ओढून पुन्हा सुरात आणा, चार-पाचदा.

जुळे_सोलापूर_८८

आणि एप्रिल-मेमध्ये लक्ष ठेवा. आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की मानेवरच्या फळीचं लाकूड आकसतं आणि घरांच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर येतात, हाताला खरचटतं. गिटार पत्र्याखालच्या खोलीत किंवा कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, वाजवून झाली की पिशवीत. माझी दर उन्हाळ्यात मानेला थोडी वाकते, मानेच्या आतल्या सळईला, ट्रस रॉडला, पाव फेरा दिला की सरळ. पहिल्यांदा ते सरांकडूनच करून घ्या.

पूर्वभागकर

टिक् येतोय. पेन्सिल शोधतेय ती.

बाळीवेशीतली

दादा, गॅदरिंगची तारीख ठरली की इथं टाका. मी येणार आहे.